पटाच्या जोडीची दमणी

आमच्या सासरच्या दमणीचं नाव काढलं की अजूनही माझं डोकं फिरतं. बाया म्हणायच्या, नशीब काढलं पोरीनं, पटाच्या जोडीच्या दमणीत बसते. नशीब कसलं, कपाळ! त्यांना एकदा आमच्या पिंपळगाव राजा गावापासून खामगावपर्यंत त्या दमणीत बसवायला पाहिजे होतं. उतरल्यावर कमरेचं कोणतं हाड कुठं आहे ते मी विचारलं असतं.

दमणी म्हणजे माणसं बसायची हलकी बैलगाडी, वर टप असलेली. गावात पाच-सात घरी दमण्या होत्या, आणि त्यांना नांगराचेच शहाणे बैल जुंपायचे. आमच्या मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, त्यात कमीपणा वाटायचा. त्यांनी शंकरपटाच्या शर्यतीची जोडी पाळली होती. पांढरीशुभ्र, शिंगं रंगवलेली, डोळ्यांत मस्ती. अशी जोडी कोणी नांगराला लावत नाही. पण बसून खाल्लं तर पाय आखडतात, म्हणून मामंजींनी तिला घरच्या दमणीला जुंपायचं ठरवलं. आमचा बाजार, आमचं माहेरपण, आमची लग्नकार्यं, सगळी त्या बैलांचे पाय मोकळे व्हावेत म्हणून असत.

घरातलं दूध त्यांचं, तूप त्यांचं, अंडीसुद्धा त्यांची. माळकरी घर, आम्हाला अंड्याचं टरफल शिवायची बंदी, पण गोठ्यात बैलांच्या तोंडात अंडी फुटत होती. जावेच्या बाळंतपणात डिंकाच्या लाडवांना तूप कमी पडलं, बैलांच्या उडदाला नाही पडलं. मी आत्याबाईंना, म्हणजे सासूला, तोंडावर विचारलं, “बैल बाळंत झाले काय?” त्या म्हणाल्या, “हळू बोल वं, ऐकतीन.” मामंजी ऐकतील म्हणाल्या की बैल, ते मी विचारलं नाही.

हळू बोलायची तर आम्हाला सवयच लागली होती. ती जोडी आरोळीवर शिकवलेली. पटात कोणी “हाण!” म्हणून ओरडला की सुटायची. त्यामुळं दमणीत बसलं की बायकांनी मोठ्यानं बोलायचं नाही, हसायचं नाही, भांडायचं तर कुजबुजून भांडायचं. एकदा बाजाराच्या तोंडाशी कोण्या मिरचीवाल्यानं आपल्या गिऱ्हाइकाला हाक मारली आणि आमची दमणी थेट धान्याच्या राशीतून निघाली. माझा ओठ फाटला, नणंदेचा दात हलला, आणि मामंजी उतरून आधी बैलांचे खूर तपासत बसले. नणंद रडत होती तर म्हणाले, “दात काय, येऊन जाईन.” ती तेव्हा बावीस वर्षांची होती.

पुढं कोणती गाडी असलेली त्या जोडीला खपत नसे, आणि मामंजींना तर मुळीच नाही. एकदा शेजारच्या गावी मयतीला निघालो होतो. रस्त्यात तिरडी पुढं चाललेली दिसली. दुसरा कोणी असता तर कासरा ओढून मागं राहिला असता. आम्ही धुरळा उडवत मयताच्या पुढं निघून गेलो आणि स्मशानात सगळ्यांच्या आधी पोचलो. त्या दिवशी मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं होतं.

हे सगळं मी सोसलं. बाईच्या जातीला सोसायला कोणी वेगळं शिकवत नाही. पण एक गोष्ट मी सोसली नाही, आणि आजही सोसत नाही.

मी सातवी पास होते. तेव्हा महाराष्ट्र नवा नवा झाला होता, गावोगाव शाळा निघत होत्या आणि सातवी झालेल्या बायांना शिक्षिका म्हणून घेत होते. मी अर्ज केला. नवऱ्यानं, बापापुढं कधी तोंड न उघडणाऱ्या माझ्या नवऱ्यानं, लपून तो टपालात टाकला. कागद आला: खामगावला, सकाळी अकरा वाजता मुलाखत. माझ्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण होती, शिंप्याची मुलगी, मुसलमानाची. तिलाही तोच कागद आला होता. दोघी मिळून सकाळच्या एस्टीनं जायचं आम्ही ठरवलं. त्या आठवड्यात मला रात्री झोप नव्हती. हातात खडू धरल्याचं स्वप्न पडायचं, खरंच सांगते.

मामंजींनी नोकरीला नाही म्हटलं नाही, हे कबूल करते. पण एस्टीला म्हटलं. सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नसे, म्हणून ते आत्याबाईंना ऐकवत होते. “पटाची जोडी दारात असताना आपली सून एस्टीत धक्के खाईन? लोक काय म्हणतीन? एस्टी कायले पाहिजे? एस्टीच्या आधी पोचवून देतो मी तिले.”

झालं. उजाडता उजाडता दमणी जुंपली. मामंजी पुढं हाकायला, मागं मी आणि आत्याबाई. कागद मी चोळीत खोचला होता, पडू नये म्हणून. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी ते बैल पाखरासारखे पळाले. निम्मी वाट सरली तेव्हा ऊन कोवळं होतं. पहिल्यांदाच मला वाटलं, चला, ही जनावरं माझ्या कामाला आली.

आणि तेवढ्यात वाटेवरच्या एका गावी पट भरलेला निघाला.

रस्त्याला लागूनच मैदान होतं. बैलांनी कान टवकारले, मामंजींनीही. ओळखीच्या चार पागोट्यांनी रस्ता अडवला. “काऊन हो, जोडी घेऊन अन् पट न पाहता चालले? भेले काय?” पटाच्या माणसाला हा शब्द लागला की संपलं. भर रस्त्यात आव्हान दिलं आणि जोडीवाला पुढं निघून गेला, तर त्याची जोडी न पळताच हरली असं मानतात. मामंजी वळून आत्याबाईंना म्हणाले, “एकच धाव. बिडी ओढाले याच्याहून जास्त टाइम लागते.”

दमणीचे बैल सोडले आणि शर्यतीच्या छकड्याला जुंपले. दमणी एका बाभळीखाली पुढं टेकवून ठेवली, आत आम्ही दोघी. पुढं घसरू नये म्हणून मी टपाची काडी धरून बसले होते. बैलच नाहीत त्या गाडीत, पदर ओढून, मुलाखतीला निघालेली मी बाई!

मी देवाला हात जोडले. म्हटलं, हरू दे. हरलेल्याला पटात कोणी पाणी विचारत नाही, तो मुकाट जोडी घेऊन रस्त्याला लागतो. हरले तर मी पोचते. बाकी काही मागत नाही, यांना हरव.

जिंकले. मग जिंकलेल्या जोड्यांची आपसात दुसरी धाव निघाली. तीही जिंकले. मधे एस्टी गेली. खिडकीत माझी मैत्रीण होती, तिनं दमणी ओळखली आणि हात हलवला. मी खाली उतरून एस्टी अडवू शकत होते. चारशे पुरुष होते मैदानात, आणि मी त्या घरची सून. मी उतरले नाही. याचा राग मात्र मला मामंजींचा येत नाही, माझाच येतो.

तिसरी धावही जिंकले. मग गुलाल, हलगी, फेटा. जिंकलेली जोडी गावातल्या बायांनी ओवाळल्याशिवाय हलवत नाहीत, आणि ओवाळायला बाया घराघरांतून नटून येणार. मग पाटलाच्या घरचा चहा. मी आत्याबाईंना चार वेळा सांगितलं. त्या म्हणाल्या, “आता काय करू वं, जिकले नं ते!” शेवटी मी दमणीतून उतरले आणि आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्याशी सरळ बोलले.

“मामंजी, अकरा वाजून राह्यले.”

त्यांचं तोंड गुलालानं लाल झालं होतं. ते हसले, आणि भोवतालच्या माणसांना म्हणाले, “पायगुण पाहा आमच्या सूनबाईचा! तिले घेऊन निघालो अन् पट मारला!”

खामगावला पोचलो तेव्हा कचेरीतले लोक जेवून परत येत होते. दारावरचा शिपाई म्हणाला, “बाई, यादी गेली आत. आता पुढच्या खेपेला या.” माझी मैत्रीण पायरीवर बसून माझी वाट पाहत होती. तिनं माझ्या पदरावरचा गुलाल पाहिला आणि उठून तो झटकायला लागली. तालुक्यातल्या सगळ्यात वेगवान गाडीत बसून मी सगळ्यांच्या मागून पोचले होते.

पुढची खेप आली तेव्हा माझ्या मांडीवर मूल होतं आणि घरचे नाही म्हणाले. मैत्रीण आमच्याच गावच्या शाळेत लागली. माझी तिन्ही पोरं तिच्या हाताखाली शिकली. मोठी मुलगी घरी येऊन सांगायची, “आई, मास्तरीणबाई लय छान शिकवतात.” मी म्हणायचे, हो, जेव आता.

आणि मामंजी? आल्यागेल्याला तो पट ऐकवायचे. लग्नात, सुगीत, पारावर. कोणती जोडी कितीनं मागं राहिली, आणि शेवटी नेहमी, “सूनबाईच्या पायगुणानं.” मी चहा घेऊन यायचे, कप आपटायचे आणि जायचे. मुलाखतीचा शब्द त्यांनी कधी काढला नाही. या माणसाला तो दिवस तेवढाच आठवतो, असं मी धरून चालले, आणि वीस वर्षं मनातल्या मनात त्यांना शिव्या घातल्या.

शेवटी ते अंथरुणाला खिळले. आत्याबाई गेल्या होत्या, तेव्हा त्यांचं सगळं माझ्याकडंच. डोक्यात घोळ व्हायला लागला. बैलांची नावं विसरले, माणसांची विसरले. एका सकाळी मी पेज भरवत होते, तर म्हणाले, “सूनबाई, तू होती नं तिथं? तो पट कसा झाला वं? मले आठवून नाही राह्यलं.”

मी इतकी वर्षं याचीच वाट पाहत होते की काय कोण जाणे. मी म्हणाले, “हारलो होतो मामंजी.”

“हारलो?”

“हाव. पहिल्याच धावेत. कोणी पाणी नाही विचारलं आपल्याले.”

ते तळमळतील, रडतील, मला खोटारडी म्हणतील असं वाटलं. खरं सांगते, मला ते पाहायचं होतं. त्यांनी तर माझा पेजेचा हात धरला.

“बरं झालं वं माय,” ते म्हणाले. “मंग तं तू अकराच्या आत पोचली असशीन.”

म्हणजे पटापायी मुलाखत हुकल्याचं त्यांना माहीत होतं. अकरा वाजता होती हेसुद्धा माहीत होतं, पहिल्यापासून. त्या माणसाचा इतका राग मला त्याच्या सगळ्या आयुष्यात आला नव्हता.

“हाव,” मी म्हणाले, “पोचली होती.”