छापलेली त्वचा

आमच्या प्रयोगशाळेत जिवंत पेशींपासून त्वचा छापायचे प्रयोग चालतात. त्याची बातमी वाचून एक बाई आपल्या भाजलेल्या, अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. काचेपलीकडे यंत्राची सुई थरावर थर सोडत होती. नखाएवढा, ओलसर, फिकट तुकडा तयार होत होता.

"हिच्या गालाला कधी लावता येईल?" बाईंनी विचारलं.

"अजून बरीच वर्षं लागतील, ताई. हा तुकडा फार दिवस जगतही नाही."

मुलगी काचेजवळ वाकली. "याला दुखतं का?"

"नाही."

"बरंय," ती म्हणाली.

आमच्या कामात दहा वर्षं म्हणजे काहीच नाही. तिचं मात्र तेवढ्यात तारुण्य सरणार होतं. तिलाही ते कळलं असावं. पुन्हा कधी यायचं, हे तिने विचारलं नाही.