मागून येणारा दादा

सुरुवात गाढवपणाने झाली, आणि तो माझाच होता. पहाटेच्या अंधारात चुलीजवळचं भाकरीचं गाठोडं समजून मी बियाण्याच्या सुक्या मिरच्यांचं गाठोडं खांद्याला अडकवलं आणि डोंगराला निघालो. जंगलनाक्यापाशी एकामागून एक शिंका आल्या, तेव्हा कळलं. बैलांची दमणी आम्हाला सोडून गावाकडे परतली होती... आणि सोबत आलेल्या दादाकडे भाकर मागण्यापेक्षा मी मिरच्या खाल्ल्या असत्या.

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. खामगावला कापसाच्या जिनमध्ये काट्यावर वजनं करण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. जे काट्यावर चढत नाही, ते मी धरत नाही. घरात कोणी भुताचा, चकव्याचा विषय काढला की टिंगल करण्यात मीच पुढे. वाचकांनी आता माझी करावी, हरकत नाही. फक्त 'प्रतिध्वनी असेल' असं मला कोणी लिहून कळवू नये. ते ऐकून ऐकून माझं डोकं फिरलेलं आहे.

आमचं गाव वरवट बकाल. उत्तरेला सातपुडा दिसतो, त्यातल्या एका शिखरावर आमच्या घराण्याचा देव — शेंदूर फासलेला दगड, वर ना छप्पर ना घंटा. घरात लग्न निघालं की पहिली अक्षत त्याला. ती दोन सख्ख्या भावांनी मिळून वाहायची, एकाच्या ओंजळीखाली दुसऱ्याची ओंजळ धरून. तसं झालं नाही तर भाऊकीतला एकही माणूस मांडवात पाय ठेवत नाही. माघात माझ्या लेकीचं, गंगूचं लग्न होतं. आणि माझा एकुलता एक सख्खा भाऊ म्हणजे दादा — त्याच्याशी मी दोन पावसाळे बोललो नव्हतो.

कारण एक निंब. आमच्या दोन वावरांमधल्या बांधावर, धुऱ्यावर बाबांनी लावलेला. बाबा वारले आणि महिना होत नाही तोच दादानं तो मुळासकट काढला. मी खामगावहून येऊन पाहतो तर खड्डा. मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. घरं भिंतीला भिंत लागून, पण त्या दिवसापासून माझ्या लेखी पलीकडे कोणी राहतच नव्हतं. शेवटी बायकोनं जावेच्या हाती निरोप धाडला, "दोघं बोलू नका म्हणा, पण चढा."

नाक्यावर जंगलखात्याचे नाकेदार गफूरमियाँ शेकत बसले होते. दादाची पाठ बघत चढायची माझी तयारी नव्हती, म्हणून मी ताडताड पुढे झालो. मागे वळून पाहायचं नाही, असं ठरवूनच. थोड्या वेळानं मागून वाळल्या सागाच्या पानांवर वहाणा वाजल्या. मग खोकला. तंबाखूचा, दादाचाच — गावी असलो की तो खोकला मी भिंतीपलीकडून रोज ऐकतो.

पौषाचं ऊन अंगाला लागायला लागलं होतं, तेवढ्यात मागून आवाज आला, "मिरच्या घेऊन कुठं चालला बे? देवाले ठेचा वाढतं का?"

दोन पावसाळ्यांनंतरचं पहिलं वाक्य, आणि ते हे. माझं टाळकं सरकलं. मी न वळता म्हणालो, "झाड तोडणाऱ्यानं मले देवाचं सांगू नये."

"तोडलं. हाव."

"बाबायनं पाणी घालून घालून जगवलेलं. तुह्या कापसाच्या पऱ्हाटीवर सावली पडे म्हणून तोडलं. सांग ना, लाजतं कायले?"

"काऊन तोडलं, हे एकदा तरी इचारलं का तू?"

"इचारू कोणाले? खड्ड्याले?"

मग मी जो सुटलो... लहानपणी त्यानं माझा भोवरा विहिरीत टाकला तिथपासून. मागून उत्तरं येत होती, दादाच्याच तिरसट सुरात. मी दम खायला थांबलो की वहाणाही थांबत. पोटात कण नव्हता, पण रागावर माणूस किती चढतो ते त्या दिवशी कळलं. सूर्य डोक्यावर आला तरी माझी यादी संपली नव्हती.

शेवटच्या चढावर मागचा आवाज एकदम खाली आला. "बाबा घरी नाही गेले, श्रीपत. त्या निंबाखाली गेले. एकटे. मी पोचलो तं दिवस बुडाले आला होता. उचलून घरी आणलं अन् लोकायले सांगतलं, माह्या मांडीवर गेले. मंग रोज तो निंब दिसे मले."

"खोटं बोलून राह्यला तू," मी म्हणालो, आणि रागारागात माथ्यावर चढलो.

देवाच्या दगडापाशी दादा बसला होता.

माझ्याकडे पाठ, तोंड पलीकडच्या उताराकडे, धोतर कुसळांनी भरलेलं. खाली बघून तो ओरडत होता, "बस झालं, श्रीपत. आता एक शब्द बोलशीन तं ही अक्षत तुह्या डोक्यात घालीन."

पलीकडच्या उतारावर कोणी नव्हतं. मी त्या दिवशी पहिल्यांदा मागे वळलो. माझी वाट पार खालपर्यंत उघडी होती, रिकामी.

"दादा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग उताराकडे. "तू इकून कसा आला बे? आत्ता तं माह्या मागं होता. नाक्यापासून शिव्या देऊन राह्यला."

"तू माह्या मागं होता."

"मी पलीकडच्या नाळीच्या वाटेनं आलो. पहिल्यापासून."

मला एकच विचारायचं होतं. "बाबा निंबाखाली गेले का?"

त्याच्या तळहातावरची तंबाखू सांडली. "तुले कोणं सांगतलं? मी तं बायकोलेबी नाही सांगतलं."

वाचकांना वाटेल, इथे आम्ही गळ्यात पडलो. नाही. इथे आम्ही खरोखर भांडलो. मी म्हणालो, बापाचं मरण सख्ख्या भावापासून लपवतात का? तो म्हणाला, तू तोंड उघडून विचारलं असतं तर सांगितलं असतं. भांडता भांडता त्यानं अर्धी भाकर माझ्यापुढे टाकली, मी ती भांडतच खाल्ली. मग त्यानं ओंजळ धरली, मी खाली माझी. अक्षत वाहिली एकदाची. निंब तोडायला नको होता, हे माझं मत आजही तेच आहे.

उतरताना मी विचारलं, "माह्या आवाजानं तुले काय सांगतलं?"

"ते मी मरेपर्यंत नाही सांगणार."

अजून सांगितलेलं नाही. म्हणजे माझं काहीतरी त्याला ठाऊक आहे, आणि ते मी त्याला सांगितलेलं नाही. याची चीड मला रोज येते.

नाक्यावर गफूरमियाँ म्हणाले, "दोघं दोन वाटायनं गेले तुम्ही. हाक मारणार होतो, पण चेहरे पाहून हिम्मत नाही झाली."

"आमच्या मागून कोण गेलं?"

"पूरा दिवस दुसरं कोणीच नाही आलं."

शाळामास्तर म्हणतात प्रतिध्वनी. मला माहीत नसलेली गोष्ट प्रतिध्वनी सांगतो का? वैद्य म्हणतात भुकेचा भ्रम. मग दादाला का झाला? तो तर चढायच्या आधी न्याहारी करून निघाला होता. वर्षं झाली, मी शोधून थकलो. काटा कुठेच बसत नाही.

त्या संध्याकाळी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही हसली नाही, हे तिच्या बाबतीत नवलच. मग म्हणाली, "जो तुमच्या मागून चालला, त्यानं दिवसभर तुमच्या दोघायच्या शिव्या आइकल्या. अन् तुमी देवाले अक्षत वाहून तसेच उतरले. त्याले लग्नाचं बलावणं कोण देईन?"