दमाचा मका

दमाचा मका करायला अक्कल लागत नाही. हे माझं म्हणणं नाही, आमच्या अप्पांचं. माझ्या वडिलांना साऱ्या आयुष्यात स्वयंपाकातलं एवढंच येत होतं, म्हणून ते असं बोलायचे. आता नाती-सुना मला विचारतात, तेव्हा मीही तेच सांगते आणि सांगताना चिडते, कारण एवढं सोपं असून त्या वही घेऊन बसतात.

कणसं फार कोवळी नकोत आणि जूनही नकोत. दाण्यात नख खुपसलं की दूध आलं पाहिजे. दाणे विळीवर उतरवायचे, पाट्यावर भरड वाटायचे. त्यात हिरवी मिरची, लसूण, जिरं, मीठ, मूठभर जवारीचं पीठ आणि वाटीभर सायीचं दूध. लोखंडी कढईला आतून तेल फिरवायचं, तळाला कणसाचीच हिरवी पानं अंथरायची, त्यावर हे सगळं ओतायचं आणि वरून पुन्हा पानं. मग झाकण ठेवायचं. खाली निखारा आणि झाकणावरही निखारा. निजामाच्या राज्यात वरून निखारे ठेवून शिजवलेल्या कशालाही लोक दमाचं म्हणत, म्हणून हा दमाचा मका. पानं करपायला लागल्याचा वास आला की उतरवायचं, निवल्यावर तुकडे करायचे आणि भाकरीबरोबर तोंडी लावायला घ्यायचं. झालं.

माझं माहेर भालकीकडचं मेहकर. आमच्याकडे मका कुणी मनापासून पेरत नसे. रान जवारीचं आणि तुरीचं. मका बांधाच्या कडेनं दोन-चार ओळी, तोही पोराबाळांच्या तोंडासाठी. माझा भाऊ तान्हा असताना आई गेली. मी तेव्हा सहा वर्षांची होते. अप्पांनी दुसरं लग्न केलं नाही. भाकरी शेजारची काकू थापून द्यायची, पण भाकरीबरोबर खायला रोज नवं काय आणणार? म्हणून भाद्रपदात पिकावरचे राघू हाकायला रानात गेले की अप्पा तिथंच गोवऱ्या पेटवायचे आणि फुटक्या घागरीच्या बुडात मका दमाला लावायचे. एका हाताने गोफण फिरवायची आणि दुसऱ्या हाताने निखारे सारायचे. अर्ध्या वेळा करपायचं. आम्ही दोघं भावंडं करपलेलंही भांडून खायचो. आठव्या-नवव्या वर्षी मी ते काम त्यांच्या हातून काढून घेतलं. तेव्हापासून अप्पांनी कधी कढईला हात लावला नाही. मी वाढायची आणि ते जेवायचे, लग्न होऊन मी जाईपर्यंत.

लग्न होऊन मी राजेश्वरला आले. मेहकरहून बैलगाडीनं यायचं तर वाटेत एक मुक्काम पडायचा. पहिल्याच भाद्रपदात अप्पा पोतंभर कणसं घेऊन आले. मी हरखून गेले. ते बैल सोडतायत तोवर मी दाणे काढायला बसले. सासूबाई म्हणाल्या, "सावकाश कर गं, बोट कापून घेशील." मी मक्याला दम दिला, भाकऱ्या टाकल्या, पाट मांडला, पाणी ठेवलं. अप्पा दारात उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

"न्हाई माय. तुला लेकरू झाल्याबिगर मला तुझ्या घरचं पानी चालत न्हाई."

मला हे माहीत नव्हतं असं नाही. लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरी अन्नपाणी घ्यायचं नाही, ही रीत आमच्याकडे घरोघर होती. पण माझ्या अप्पांना ती लागू असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इतकी वर्षं मी त्यांना वाढलं होतं. लग्न झालं म्हणून माझ्या हाताला काय झालं?

"कोन बघायलंय अप्पा?" मी म्हणाले.

"कुनी बघो न बघो. लेकीच्या कुशीला लागतंय, माय."

मग ते बाहेर लिंबाच्या पारावर जाऊन बसले. घरून फडक्यात बांधून आणलेली भाकरी सोडली, विहिरीवर जाऊन स्वतः पाणी शेंदून प्यायले. मी दारात उभी राहून बघत होते. माझे वडील माझ्या घरासमोर वाटसरूसारखे जेवत होते आणि आत पाटावरचं ताट निवत होतं. त्या दिवशी मला जो राग आला तो पुढं बरीच वर्षं माझ्या अंगात राहिला. राग रीतीवर होता, पण रीत काही समोर येऊन उभी राहत नाही. समोर अप्पा होते.

दर भाद्रपदात ते यायचे आणि दर भाद्रपदात हेच व्हायचं. फरक एवढाच की मी बोलायला शिकले. एका साली मी म्हणाले, "वाटेवरच्या धर्मशाळेत जेवता ते चालतं, लेकीकडं चालत न्हाई व्हय?" ते हसले. एका साली मी ताट घेऊन पारावर गेले आणि त्यांच्यासमोर ठेवलं. म्हटलं, हे तर घर नाही ना. त्यांनी ताट उचललं, बैलांजवळ उभ्या असलेल्या गड्याला दिलं आणि तो जेवेपर्यंत त्याच्याशी पावसापाण्याचं बोलत बसले. मी तीन दिवस घरात कुणाशी नीट बोलले नाही. सासूबाईंनी मला समजावलं नाही की रागावल्या नाहीत. त्या शहाण्या होत्या. एवढंच म्हणाल्या, "होईल की तुला लेकरू. मग काय, तुझा बाप हितनं हालायचा न्हाई."

मला दोनदा दिवस गेले आणि दोन्हीदा राहिलं नाही. लोक मुलासाठी नवस बोलतात, त्यात वंश असतो, म्हातारपणाची काठी असते. मी खरं सांगते, मला मूल हवं होतं ते आधी अप्पांना जेवायला घालण्यासाठी. हे मी नवऱ्यालाही कधी बोलले नाही. ऐकणाऱ्याला वाटलं असतं, हिला वेड लागलंय.

तिसऱ्या वेळी दिवस भरले. माहेरी बाईमाणूस नव्हतं, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. मुलगा झाला. काळासावळा, डोक्यावर भरपूर जावळ, आवाज मात्र बारीक. भालकीच्या बाजाराला निघालेल्या एका माणसाजवळ मेहकरला आनंदाचा सांगावा धाडला. श्रावण सरत आला होता. मी पडल्या पडल्या हिशेब करत होते की बारशाला अप्पा येतील, कणसं तयार असतील, आणि बाळंतिणीला चुलीजवळ जाऊ देत नसले तरी मी बाजेवरून सांगेन आणि सासूबाई दम देतील. ताट मात्र मी माझ्या हातानं वाढणार होते. त्यावर मी कुणाचंही ऐकणार नव्हते.

नवव्या दिवशी मूल गेलं. सकाळी दूध ओढलं नाही आणि दुपारी गेलं. परसात पुरलं. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा एका माणसाला मेहकरच्या वाटेला लावलं.

त्यानंतर चौथ्या दिवशी अप्पांची गाडी दारात आली. पोतं त्यांनी स्वतः पाठीवर घेतलं आणि आत आणून माझ्या बाजेशी ठेवलं. माझ्या डोक्यावर हात ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला. मग म्हणाले, "माय, कनसं आनलाव. तुझ्या सासूबाईला मका दमाला लावायला सांग. आज मी जेवून जातो."

मला वाटलं, दुसरा सांगावा आणि अप्पा वाटेत चुकले. यांना अजून मूल आहे असंच वाटतंय. नातू बघायला आणि नेम सोडायला आलेत. तेव्हा मला रडू आलं नाही. इतक्या वर्षांचा राग उसळून वर आला. दुःखापेक्षा राग सोपा असतो, आणि मला सगळं सोपंच येत होतं.

"कुनाच्या जिवावर जेवतासा अप्पा?" मी म्हणाले. "ज्याच्यामुळं जेवायचं होतं त्याला पुरून टाकलाव. जावा, परसात बघून या."

सासूबाई पुढं आल्या. "आवो बसा तुमी. लेकरू झालं व्हतंच की. नेम फिटला तुमचा. ही दुःखानं बोलायलीय, मनावर घेऊ नका. मी चूल पेटवते."

"न्हाई," मी म्हणाले. "लेकरू न्हाई तर जेवान न्हाई. इतकी सालं पाळलं, मग आज कामून मोडायलात?"

ओली बाळंतीण मी, पण उठले. ते पोतं ओढत गोठ्यापर्यंत नेलं आणि सगळी कणसं म्हशीपुढं ओतली. सासूबाई माझा दंड धरत होत्या, मी त्यांनाही झिडकारलं. परत आले तेव्हा अप्पा ओसरीत तसेच उभे होते. यावेळी त्यांच्या हातात भाकरीचं फडकं नव्हतं, हे मला दिसलं. दिसूनही मी तोंड फिरवलं.

"बरं माय," ते म्हणाले. "जप जिवाला."

त्यांनी बैल जुंपले आणि गेले. दिवस मध्यावर आला होता. सकाळपासून त्या माणसाच्या पोटात काही नसणार, हे मला कळत होतं.

पुढचं साल गडबडीचं निघालं. वाटेनं माणसं जाईनात, गाड्या रात्री गावात घेईनात, कितीक घरं कुलपं लावून निजामाच्या हद्दीबाहेर, अक्कलकोटाकडे निघून गेली. कुणाचा निरोप कुणाला पोचेना. माझा राग केव्हाच ओसरला होता. मी रोज मनात अप्पांशी बोलायची. वाटा मोकळ्या झाल्या की आपणच मेहकरला जायचं, पाय धरायचे आणि तिथं त्यांच्या चुलीवर करून घालायचं, असं ठरवून टाकलं होतं. हे मला आधी का सुचलं नाही, कोण जाणे. माझ्या घरी जेवले नाहीत एवढ्यावर मी अडून बसले होते.

भाद्रपद निम्मा सरला आणि निजामाचं राज्य गेलं आणि वाटा उघडल्या. आठ-दहा दिवसांनी माझा धाकटा भाऊ आला. एकटाच होता आणि डोक्याचं मुंडण केलेलं होतं. केस पेरभर वाढले होते, त्यावरून मला कळलं की बरेच दिवस झाले. अप्पा आखाडात गेले होते. चार दिवस ताप, बस. निरोप धाडायला माणूस मिळाला नव्हता.

रडून झालं. रडणं काही कायम चालत नाही, आलेल्या माणसाला जेवायला घालावं लागतं. भाऊ धाकटा, त्याला रीत लागू नव्हती. सासूबाईंनी शेजारून चार कणसं आणली, सरत्या हंगामातली, जरा जूनच. वर्षभरात मी मक्याला हात लावला नव्हता. दम दिला आणि त्याच्यापुढं भाकरीबरोबर दोन तुकडे ठेवले. त्यानं एक घास घेतला आणि थांबला.

"अप्पा म्हनत व्हते तसाच झालाय," तो म्हणाला.

"कवा म्हनाले?"

"गेल्या साली. तुझ्याकडं जेवून आले ना, तवा."

मी हातातली पळी खाली ठेवली. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि त्या उठून परसात गेल्या.

भाऊ सांगत राहिला. त्याला काय, त्याला वाटत होतं मला सगळं माहीतच आहे. पोरगं गेल्याचा सांगावा आला तेव्हा ते दोघं रानात होते. अप्पा बांधावर बसले ते बराच वेळ उठले नाहीत. मग म्हणाले, "आता माझी लेक अजून किती सालं ताट मांडून बसल? जळू दे ती रीत. मी जाऊन जेवून येतो." आणि तिथंच कणसं मोडायला लागले. उजाडायच्या आत गाडी जुंपली.

म्हणजे माझ्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं. परसात काय आहे हे मी ओरडून सांगितलं, ते त्यांना माहीत होतं. त्यांना काही ठाऊक नाही असं मी धरून चालले, आणि त्यांनी मला तसं धरू दिलं.

"घरी आले तवा लई बरं वाटलेलं दिसत व्हतं," भाऊ म्हणाला. "म्हनले, पोटभर जेवलो. दोनदा मागून घेतला. लेकीच्या हाताला चव हाय तशीच हाय, फकस्त मीठ कमी पडलं, पन तिला सांगू नको म्हनले." तो माझ्याकडे बघून जरासा हसला. "पडलं व्हतं का गं मीठ कमी?"

"व्हय," मी म्हणाले. "घाईत राहिलं."