दत्तूचा दोर आणि क्रँकचं सील

दत्तूनं कमरेचा दोर माझ्या बेंचवर टाकला. अंगठ्याएवढा जाड नायलॉनचा दोर, आणि मधोमध अर्ध्याहून जास्त कापलेला. दोन-तीन पीळ तेवढे शाबूत होते.

"मिस्त्री, तीस फुटावर हुतो मी," तो म्हणाला. "चिंचंवर."

मी हातातला पाना खाली ठेवला.

दत्तू माळशिरसकडचा. घरावर आलेल्या फांद्या उतरवायच्या, वाळलेली झाडं तोडायची, हा त्याचा धंदा. दोरानं स्वतःला बुंध्याला बांधतो आणि चेन सॉ घेऊन वर चढतो. मी सोलापुरात शुक्रवार पेठेत चेन सॉ, ग्रास कटर, फवारणीचे पंप दुरुस्त करतो. पुढं दुकान, मागं घर. "अकलूजला मिस्त्री हाईत, पर इंजन उघडायचं तर तुमीच," असं दत्तू चारचौघांत सांगतो, आणि ते ऐकून मी फुगतो. खोटं कशाला बोलू?

"काय झालं ते नीट सांग," मी म्हणालो.

"फांदी तोडली. ट्रिगर सोडला. इंजन उतरंनाच. चेन आपली फिरतीया. मशीन कमरंला अडकवाय गेलो तर दोराला लागली की! ब्रेक मारला, तवर एवढं कापलं हुतं. घरी अजून सांगितलं न्हाय."

चेन सॉमध्ये ट्रिगर सोडला की इंजिन मंद व्हायला हवं आणि चेन थांबायला हवी. मध्ये एक क्लच असतो. वेग वाढला की तो चेनला धरतो, वेग उतरला की सोडतो. वेग उतरलाच नाही तर चेन फिरत राहते. ऐन दसऱ्याला नेमकी हीच तक्रार दुरुस्त करून मी मशीन त्याच्या हातात दिलं होतं. त्याला चारच दिवस झाले होते.

घाबरलो की मी भांडायला उठतो. ही माझी जुनी खोड. तेव्हाही तोंड सुटलं.

"पेट्रोलमध्ये ऑइल कमी घातलं असशील. नाहीतर गावात कुणीतरी कार्बोरेटरचे स्क्रू फिरवले असतील."

"कुणी हात लावला न्हाय."

"मग सील डुप्लिकेट निघालं असणार. हल्ली मालच असला येतो."

"सील तुमीच आणलं हुतं की, मिस्त्री."

त्यानं आणलेलं मशीन पुढ्यात ओढलं. पाना घेतला.

उघडता उघडता सांगतो. इंजिनात जो दांडा गरगर फिरतो तो क्रँक. तो दोन्ही बाजूंनी इंजिनाबाहेर येतो, आणि जिथून बाहेर येतो तिथं रबराची एकेक रिंग बसवलेली असते. बाटलीच्या टोपणाएवढी. तिला ऑइल सील म्हणतात. नाव ऑइलचं असलं तरी या मशीनमध्ये तिचं मोठं काम हवा अडवायचं. सील फाटलं की बाहेरची हवा आत घुसते, पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन पिसाटल्यासारखं पळत सुटतं. तुम्ही ट्रिगर सोडा नाहीतर देवाचं नाव घ्या, ते ऐकत नाही.

प्लग काढला आणि त्या भोकातून सुती दोरी आत सोडली. दोरीवर पिस्टन अडतो, मग क्रँक फिरत नाही आणि क्लच खोलता येतो. त्याचे आटे उलटे असतात, नवशिके इथंच फसतात. क्लच निघाला. त्यामागचा चेनला ऑइल देणारा पंप निघाला. मग सील दिसलं. दत्तू माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. त्याचा श्वास माझ्या कानाला लागत होता.

वाकड्या टोकाच्या हुकानं मी सील अलगद उचकटलं. क्रँकवर ओरखडा पडला तर नवं सीलही टिकत नाही, म्हणून हे काम सावकाश करायचं. सील हातात आलं. उलटं करून उजेडात धरलं.

आतल्या रबराच्या ओठाला, म्हणजे क्रँकला टेकणाऱ्या कडेला, चीर होती. चिरेत काहीतरी रुतलेलं. लालसर.

चिमट्यानं काढलं. तांदळाचा दाणा. अर्धा तुटलेला, कुंकवानं माखलेला.

"ह्यो तांदूळ कुठनं आला?" दत्तूनं विचारलं.

मी स्टुलावर टेकलो. कारण तो दाणा कुठून आला हे मला त्याच क्षणी कळलं होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्यात त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. पाने, हातोड्या, ग्राइंडर, सगळं पुसून मांडतो. दत्तूचं मशीन तेव्हा बेंचवर उघडंच होतं. जुनं सील काढलेलं, क्रँकला ग्रीस लावलेलं. आमची ही पूजेचं ताट घेऊन आली आणि म्हणाली, "अहो, ते उघडं मशीन झाका की आधी."

मी म्हणालो, "देवीला चालतं गं उघडं."

डोळे मिटले, हात जोडले आणि मूठभर अक्षता सगळ्या बेंचवर उधळल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वरवर फडकं मारलं. एक दाणा ग्रीसला चिकटून मागं राहिला असणार. त्याच्यावरच मी नवं सील ठोकून बसवलं.

तरीही तो सापडला असता. सील बसवलं की कार्बोरेटरचं आणि सायलेन्सरचं तोंड रबरानं बंद करतो, हातपंपानं इंजिनात हवा भरतो आणि काटा बघतो. काटा उतरला तर कुठंतरी गळतंय. पाच मिनिटांचं काम. पण दत्तू आपट्याची पानं घेऊन दारात उभा होता. "मिस्त्री, धाची एसटी हाय," म्हणत होता. मी मशीन चालू केलं, आवाज बरा वाटला आणि दिलं. थंड मशीन होतं, अर्धा मिनिट चाललं. दाणा तेव्हा ओठाखाली गप्प बसला होता; पुढं मशीन तापून चालत राहिलं तसा त्यानं ओठ चिरला.

"दत्तू, चूक माझी आहे," मी म्हणालो. पूजेचं सगळं सांगितलं. "माझ्यामुळं तू खाली आला असतास."

त्यानं तो दाणा चिमट्यानं उचलून पाहिला. मग म्हणाला, "म्हंजे अक्षता टाकून यमासंगं लगीन लावत हुता की माझं!"

आणि हसला. मला हसू येईना. ही मागच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. बेंचवरचा दोर उचलून तिनं कापलेल्या जागेवरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता आपली धडगत नाही. पण तिनं दोर जागेवर ठेवला आणि ती आत निघून गेली. ते जास्त लागलं.

जागा पेट्रोलनं धुतली, दोनदा. बॅटरीच्या उजेडात बेअरिंग तपासलं. नव्या सीलच्या ओठाला ग्रीसचं बोट लावलं, बरोबर मापाचा सॉकेट ठेवून ते सरळ ठोकलं. मग हातपंप दत्तूच्याच हातात दिला.

"मार."

त्यानं हवा भरली. काटा चढला. आम्ही दोघं काट्याकडं बघत बसलो. बाहेर दोन गिऱ्हाईकं येऊन थांबली, त्यांना थांबू दिलं. काटा तसूभर हलला नाही. मशीन जोडलं, चालू केलं, चांगलं तापू दिलं. दत्तूनं ट्रिगर दाबला, सोडला. चेन जागच्या जागी थांबली. त्यानं वीसेक वेळा तरी तेच केलं.

जाताना दोर बेंचवरच राहिला. "अरे, दोर!" मी हाक मारली.

"नवा घेतो. ह्यो तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

तो दोर आता हातपंपाशेजारी खिळ्याला टांगलेला आहे. तेव्हापासून पंप मारल्याशिवाय एकही मशीन दुकानाबाहेर गेलेलं नाही. लोक घाई करतात. मी दोराकडं बोट दाखवतो आणि काम चालू ठेवतो.

यंदाच्या खंडेनवमीला बेंचवर एकही मशीन उघडं नव्हतं. जी होती त्यांच्यावर हिनं आदल्या संध्याकाळीच चादरी टाकल्या होत्या. ताट आलं. मी अक्षतांची चिमूट उचलली, दोराकडं नजर गेली आणि तांदूळ परत ताटात ठेवले. हत्यारांना नुसतं कुंकू लावलं. दोरालाही लावलं.

देवीला उघडं चालत असेलही. क्रँकला चालत नाही.