काडी जाते का?

माझ्या सासऱ्यांइतकी माफी मागणारा माणूस उभ्या निजामाच्या राज्यात दुसरा नसेल. कुरुंद्याजवळच्या त्यांच्या खेड्यात आम्हा ख्रिस्ती मंडळींची घरं सहा-सात. पण सासऱ्यांनी ज्याच्यापुढे हात जोडले नाहीत असं दार साऱ्या गावात उरलं नव्हतं. बैलाला चाबूक जरा जोरात लागला, की हे त्याच्या कपाळाला कपाळ लावून पुटपुटत उभे. बैलाने मान झाडली, तर त्याचा राग अजून गेला नाही म्हणून पुन्हा. माझ्या लग्नात वरणात मीठ कमी पडलं होतं. त्याबद्दल मला मुलगी झाल्यावरसुद्धा ते हळहळत. महिन्यातून एकदा पाळकसाहेब बैलगाडीने येत. उपदेशात पापाचा उल्लेख आला, की सासरे उठून आपलं ताजं पाप सांगू लागत. शेवटी पाळकसाहेबांनीच विनवलं, "बाबा, आधी मला तर संपवू द्या."

त्यांचं सारं शास्त्र हळदीतून आलेलं. काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, हळद शिजत असताना मधूनच एक गड्डा काढून त्याला गवताची काडी टोचतात; सहज आत गेली, की हळद शिजली. देवही रोज सकाळी आपल्या काळजाला अशीच काडी टोचून पाहतो, तेव्हा ते मऊ लागलं पाहिजे, एवढाच त्यांचा धर्म. भेटेल त्याला विचारत, "काडी जाऊन राहिली न्हवं?" मी शाळामास्तर, नवा जावई, काही न कळता "अगदी उत्तम" म्हणून मोकळा होई.

एका जागी मात्र त्यांचीच काडी जात नव्हती. त्यांचे थोरले भाऊ उपासनेत ढोलकी वाजवत. सासरे गात मोठ्यानं, पण तालाच्या दोन पावलं मागून. एकदा भर उपासनेत थोरल्यांनी ढोलकी थांबवली आणि म्हणाले, "तू ये आधी, मग वाजवतो." मंडळी हसली. त्या दिवसापासून तीन वर्षं सासऱ्यांनी गाण्याला तोंड उघडलं नाही की भावाशी बोलायला. बैलाची माफी मागणारा हा माणूस भावाचं दार टाळायला गावाला वळसा घालून शेतात जाई. चूक त्याची, त्यानं यावं, असं म्हणे.

तिसरं वर्ष सरताना, हळदीच्या दिवसांत, आठ दिवस वाट पाहिल्यावर गावातली एकुलती एक काहील त्यांच्या वाट्याला आली. मी मदतीला, म्हणजे अडचणीला होतोच. सासऱ्यांनी एक गड्डा काढून काडी टोचली, गेली. दुसऱ्यातही गेली. तिसऱ्यात मोडली.

"एवढ्या उकळीत बसूनबी ह्यो टणकच," ते म्हणाले आणि तो ऊन ऊन गड्डा हातात फिरवत राहिले. हात भाजतोय याचंही भान नव्हतं. मग उठले. "जावईबापू, समद्यात काडी गेली की लाकडं वडा. मी थोरल्याकडं जाऊन येतो."

काडी लगेच जाऊ लागली. पण शिजलेली हळद आणखी शिजवली तर आणखीच चांगली, या मास्तरी हिशोबानं मी लाकडं ओढायच्या ऐवजी चार आणखी सारली.

घटकाभरानं दोघे भाऊ आले. दोघांचे डोळे लाल. धूर मात्र माझ्याकडे होता. थोरल्यांनी काहिलीतला गड्डा चिमटीत धरला. त्याचा लगदा झाला.

"ह्यो जावई तूच पाहिला व्हय रं?"

"मीच," सासरे म्हणाले. "चुकलं माझं."

दोघे हसत खाली बसले. तीन वर्षांची अढी सुटली खरी, पण वर्षाची हळद माझ्या हातून गेली. सासऱ्यांनी उलट माझीच माफी मागितली, लेकराला जाळाशी बसवलं म्हणून.

पुढच्या रविवारी थोरल्यांनी ढोलकी दोन पावलं मागून वाजवली, भावासाठी. हळूहळू सगळी मंडळीच तशी गाऊ लागली. नवे पाळकसाहेब येत ते आधी गोंधळत, मग मुकाट्यानं आमच्या तालात येत.

निजामाचं राज्य गेलं त्या सालच्या उन्हाळ्यात सासरे गेले. नंतरच्या उपासनेला गाणं सुरू झालं आणि थोरल्यांचा हात ढोलकीवर नुसताच राहिला. मी शेजारीच होतो. हळूच म्हटलं, "वाजवा ना."

"थांबा जरा जावईबापू," ते म्हणाले, "त्यो मागून येऊन राहिला."