शिवणीचा दोरा

सुट्टीवर निघायच्या आदल्या दिवशी माझा बडी, लान्स नायक दिवाकर मेश्राम, म्हणाला, "भिलाईले चाल्ला त मले कापसाच्या दोन इनर आन गा. हे सरकारी लोकर लय खाजवते."

दोघंही भिलाईचे: तो खुर्सीपारचा, मी सेक्टर सहाचा. पोस्ट बर्फात, बंकरमध्ये ऊब यायला रॉकेलची शेगडी, बुखारी. म्हणून अंगात पॉलिस्टर घालायची मनाई. आगीत सुताची राख होते, लोकर विझते, पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. स्टोअरच्या कोर्समध्ये हे शिकलो होतो, अन् भेटेल त्याला ऐकवायची मला खोड होती.

खुर्सीपारच्या दुकानात मी काडेपेटी काढली.

"फौजीभाऊ, दुकान पेटवता का?" दुकानदार म्हणाला.

मी इनरच्या शिवणीतून धागा ओढून पेटवला. कागदाचा वास, मऊ राख. "प्युअर कॉटन," मी जाहीर केलं. चार गिऱ्हाइकं बघत होती. छाती आपोआप फुगली. दोन घेतल्या.

पोस्टवर दिवाकर खूश. "लोण्यावानी हाय." सूत इतकं गुळगुळीत नसतं, हे तज्ज्ञांच्या डोक्यात आलं नाही.

पंधरा दिवसांनी, सकाळी ०५४० ला, बुखारी पेटवताना भडका उडाला. दिवाकरच्या अंगात फक्त ती इनर. ब्लँकेट टाकून आग विझवली. इनर कातडीपासून सुटेना.

मी वायरलेस सेटवर गेलो. "कॅज्युअल्टी एक. बर्न्स. हेली पाठवा. ओव्हर."

"हवामान खराब. वेट. आउट."

"का म्हनते?" दिवाकरनं विचारलं.

"येऊन राहिलं," मी म्हणालो.

हेलिकॉप्टर दुसऱ्या दिवशी ११२० ला आलं. दिवाकर पहाटेच गेला होता.

इनरच्या उरलेल्या बाहीतून मी धागा काढला, या वेळी कापडातला. पेटवला. वितळून काळा, कडक मणी झाला. दुकानात मी शिवणीचा दोरा तपासला होता. दोरा खरंच प्युअर कॉटन होता. चौकशीत कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

दुसरी इनर त्याच्या सामानासोबत घरी गेली. रिटायर झाल्यापासून दर हिवाळ्यात मी त्याच्या आईकडे जातो. भिंतीवर दिवाकरचा युनिफॉर्ममधला फोटो, अन् खाली ती इनर घालून काकू चुलीपुढे. सुती चार नेऊन दिल्या, कापड जाळून पाहून. त्या पेटीत पडल्या आहेत.

"काकू, ती काढा. आगीजवळ नको."

"कावून? दिवाकरची हाय. अन् तूच त आनली होती, पारखून."

मी तिचा पाट हातभर मागे ओढतो. दारात चपला घालेपर्यंत ती पुन्हा पुढे सरकलेली असते.