कव्हरावर मोर कायले?

किस्स्यांचं आणि घरात भरलेल्या कापसाचं एकच आहे. एक पसा ओढायला जावं, तर मागचा सगळा ढीग अंगावर येतो. परवा कुणीतरी सहज विचारलं, "भाऊ, तुमच्या दुकानाच्या माडीवर म्हणे गेम बनत होता?" तेव्हापासून मी बोलतोच आहे. आता तुम्ही सापडलात!

वडनेर भोलजीला माझं कृषी केंद्र आहे. खाली बियाणं, खतं, फवारणीचे पंप. वरच्या खोलीत पूर्वी रिकामी पोती असायची. मग आमचा गज्या पुण्यातली नोकरी सोडून आला आणि त्या पोत्यांच्या जागी कॉम्प्युटर मांडून बसला.

गुलाबी बोंडअळीनं बीटी कपाशीची पार अब्रू घालवली, त्याच्या पुढचंच वर्ष ते. बियाण्याच्या थैलीवाले सांगायचे, अळी लागणारच नाही. बोंड बाहेरून हिरवंगार दिसायचं आणि उघडलं की आत अळी आरामात बसलेली. गज्यानं त्याचाच मोबाईल गेम केला. कपाशीच्या ओळीत शिरायचं, एकेक बोंड उघडायचं, अळी दिसली की बोटानं चिरडायची. ओळ साफ झाली की पुढची ओळ. नाव साधं, 'बोंड'.

गेम झकास झाला होता. मोबाईलच्या ॲप स्टोअरवर चढवलाही. पण कुणी उघडूनच पाहीना!

गज्या म्हणाला, "भाऊ, स्टोअरमधी माणूस बोट सरकवत जाते. शेकडो चित्रं असतात. आपल्या कव्हराले जागा किती, तं नखाएवढी. तिथं बोट थांबलं पायजे. नाई थांबलं तं आतमधी सोनं भरून ठेवा, कोण पाह्यते?"

घाई होती ती वेगळ्याच कारणानं. गज्याचे वडील तुळशीराम काका, दाढीचे खुंट वाढवलेले, कमी बोलणारे. त्यांनी कपाशीची वाळकी झाडं उपटायच्या दिवसापर्यंतची मुदत घातली होती. "पऱ्हाट्या उपटेपर्यंत तुहा खेळ पाह्यतो. वावर खाली झालं, का जवाईबुवाच्या गाडीत बसायचं अन् पुण्याले नोकरीवर जायचं." गज्या गेला असता तर वर पुन्हा पोती आली असती. मला ते नको होतं. पोरगं आल्यापासून दुकानात हसणं ऐकू यायला लागलं होतं, खरं सांगतो.

* * *

चित्रं काढायला सलीमभाई. गावातले बोर्ड आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवण्यात त्याची हयात गेलेली. गज्यानं त्याच्या हातात टॅबलेट दिला, तर पहिल्या दिवशी त्यानं सवयीनं पेन पुसायला फडकं मागितलं!

त्याच्या पहिल्या कव्हरात काय नव्हतं! उगवता सूर्य, बैलजोडी, ट्रॅक्टर, कपाशीचं वावर, नागासारखा फणा काढलेली अळी आणि वरच्या दोन्ही कोपऱ्यांत एकेक मोर.

गज्यानं जपून विचारलं, "सलीमभाई, मोर कायले?"

"जागा राह्यली होती न!"

ट्रॉलीवर जागा सोडली तर मालक म्हणतो काम अर्धवट केलं. सलीमभाईच्या हातानं जन्मात रिकामी जागा सोडली नव्हती. मोबाईलवर ते सगळं नखाएवढं झालं, तेव्हा कुणीतरी पुरणाच्या ताटावर लोणचं सांडल्यासारखं दिसत होतं.

* * *

तरी तेच कव्हर आधी चढवून पाहिलं. स्टोअरवाल्यांनी परत पाठवलं. कारण काय, तर चित्रात फोन नंबर चालत नाही.

आम्ही डोळे फाडून शोधला. बैलाच्या पायाखाली, बारीक पण सुरेख अक्षरात, 'सलीम पेंटर, वडनेर' आणि खाली त्याचा मोबाईल नंबर!

"सलीमभाई, हे कायले टाकलं?"

"माह्या हरेक बोर्डावर असते. आता हे तं जगभर जाणार म्हणता. अमेरिकेत कोणाले ट्रॉली रंगवायची असन, तं तो मले कसा सापडन?"

* * *

मग मी म्हटलं, पोरांनो, तुम्हाला धंदा कळत नाही. चित्र कसं खपतं ते बियाण्याच्या थैलीला विचारा. थैलीवर मोठं बोंड असतं, मोठं नाव असतं आणि एक हसणारा शेतकरी असतो. तसंच करा. हसणारा शेतकरी कुठून आणायचा? घरचाच आहे की, तुळशीराम काका!

काकांना वावरात उभं केलं. सलीमभाईनं मोबाईल धरला. "काका, हासा थोडं."

"कायले?"

"थैलीवरचा माणूस हासते न, तसं."

काकांनी थैलीवरचा माणूस आठवला असावा. म्हणाले, "त्यानं इकली हाय, बापू. म्या घेतली हाय."

फोटो तसाच आला. सलीमभाईनं त्यावर हसू काढायचा फार प्रयत्न केला, पण प्रत्येक वेळी काकांना दाढ दुखत असल्यासारखंच दिसायचं.

* * *

तरी हसू काढलंच, मोठं बोंड टाकलं, मोरांसकट बाकी सगळं तसंच ठेवलं आणि माझ्या हट्टापायी खाली लाल अक्षरांत 'भरघोस उत्पन्न' लिहिलं. गज्या म्हणत होता, "भाऊ, गेममधी कायचं उत्पन्न?" मी म्हटलं, लिही रे, सगळेच लिहितात.

लांबून नजरेत भरतं का, ते पाहायला त्याचा कागद छापून मी दुकानात थैल्यांच्या शेजारी टांगला. दुपारी एक अनोळखी शेतकरी आला. सगळ्या थैल्यांवरून नजर फिरवली आणि नेमकं आमच्या कागदावर बोट ठेवलं. "हे नवीन वाण दिसते. दोन थैल्या द्या."

मला आनंदानं उडी मारावीशी वाटली. म्हटलं, "दादा, हे बियाणं नाही. मोबाईलवरचा खेळ आहे. हे पेरायचं नसतं."

"पेरायचंच नाई?"

"नाही."

त्यानं कागद पुन्हा निरखला. "मंग तं लय चांगलं वाण हाय. यानं नुकसान होतच नाई!"

गज्या जिन्यात उभा राहून ऐकत होता. वर जाऊन त्यानं सलीमभाईला सांगितलं, "'भरघोस उत्पन्न' काढून टाका. अन् बाबाले पण काढा."

* * *

आता सलीमभाईच्या रागाचा किस्सा. रोज सकाळी गज्या नवं कव्हर मोबाईलवर नखाएवढं करायचा, समोरच्या हॉटेलात न्यायचा आणि चहा पिणाऱ्यांना दाखवायचा. काय दिसतं? एक म्हणाला फुलकोबी. एक म्हणाला लग्नातला फेटा. गज्या वर येऊन म्हणायचा, "सलीमभाई, ट्रॅक्टर काढा." दुसऱ्या दिवशी, "बैल काढा." मग सूर्य गेला.

सलीमभाई प्रत्येक वस्तू पोटचं पोर सासरी पाठवल्यासारखी पुसत होता. शेवटी गज्या म्हणाला, "आता मोर."

सलीमभाई उठून उभाच राहिला! "काऊन बे? मोरानं तुहं काय खाल्लं? घे, मोर काढतो. वावर काढतो. अळीचा फणा पण काढतो. घे, नुसतं बोंड राह्यलं अन् बोटाएवढी अळी राह्यली. ट्रॉलीवर असं काढलं असतं तं लोकायनं मले गावातून काढलं असतं!" टॅबलेट टेबलावर ठेवून तो तरातरा खाली उतरला आणि माझ्याकडे न बघता घरी गेला.

गज्या चित्राकडे बघतच राहिला. मागं नुसता काळा रंग, त्यात एक फुटलेलं हिरवं बोंड आणि आत गुलाबी, लबाड, जिवंत अळी. बाकी काही नाही.

त्यानं तेच चढवलं. संध्याकाळी मी सलीमभाईच्या घरी जाऊन समजूत काढली. तो म्हणाला, "कव्हर चांगलं झालं म्हणता, ठीक हाय. पण त्याच्यावर माहं नाव टाकू नका. लोक म्हणतीन, सलीमचा रंग सरला."

* * *

आणि हा पऱ्हाट्यांचा दिवस. वावर रिकामं झालं होतं. बांधावर उपटलेल्या झाडांचा ढीग लागला होता. जावई ठरल्याप्रमाणे गाडी घेऊन आले. गज्याची बॅग डिकीत गेली. मी आणि सलीमभाई निरोप द्यायला काकांच्या ओट्यावर गेलो होतो. सलीमभाईनं घसा खाकरायचं निमित्त करून तोंड फिरवलं होतं.

काकांनी गेम कधी उघडून पाहिला नव्हता. त्यांच्या लेखी ते रिकामटेकड्यांचं काम. गज्या जाता जाता त्यांच्याजवळ बसला. मोबाईलवर स्टोअर उघडून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाला, "बाबा, एकदा पाह्यजा."

काकांनी चष्मा लावला नव्हता. मोबाईल हात लांब करून धरला. गज्यानं शिकवल्याप्रमाणे बोटानं चित्रं वर सरकवू लागले. बंदुका गेल्या, मोटारी गेल्या, पंखवाल्या बाया गेल्या.

एकदम काकांचं बोट थांबलं.

"आईच्यान, अळी!" म्हणाले आणि अंगठ्याचं नख कचकन तिच्यावर दाबलं.

गेमचं पान उघडलं. "गेली कुठं?" काका मोबाईल उलटापालटा करू लागले. गज्यानं खेळ सुरू करायचं बटण दाबून दिलं. कपाशीची ओळ आली. काकांनी पहिलं बोंड उघडलं. मग दुसरं. मग मांडी घातली.

काकूंनी आणलेला चहा निवला. जावयांनी दोनदा घड्याळ पाहिलं, गाडीची चावी बोटावर फिरवली आणि शेवटी म्हणाले, "मामाजी, निघायला हवं. उजेड आहे तोवर जालना गाठतो. गजाननला पाठवता ना?"

काकांनी मान वर केली नाही. अंगठा चालूच होता.

"तुमी निंघा, जवाईबुवा. मोबाईल त्याचा हाय न! माह्या अजून दोन ओळी राह्यल्या."